नाचता येईना की अंगण वाकडं? आधी अंगण मोज

पत्र:

ताई, मी स्ट्रीट फायटर ६ खेळतो, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर कन्सोल लावून. ट्रेनिंग मोडमध्ये कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) एकदम पक्के आहेत. पण ऑनलाइन रँक्डमध्ये समोरच्याने ड्राइव्ह इम्पॅक्ट (तो हळू सुरू होणारा जोरदार फटका, वेळेत ओळखला तर परतवता येतो) टाकला की मला तो दिसतो, मी बटण पण दाबतो आणि तरी आपटला जातोच. पिंग २०-२५ असतो. मागच्या आठवड्यात मित्राच्या मॉनिटरवर खेळलो तर पहिला अर्धा तास कॉम्बो ड्रॉप होत होते, सगळं लवकर दाबलं जात होतं, पण नंतर ड्राइव्ह इम्पॅक्ट परतवायला लागलो, सलग चार वेळा! घरी येऊन दादाला सांगितलं तर म्हणाला नाचता येईना अंगण वाकडं. हा दादा मला ह्याच टीव्हीवर रोज हरवतो आणि म्हणतो डोळ्याला २४ फ्रेमच्या वर काही दिसतच नाही. मी मॉनिटरसाठी पैसे साठवलेत, एक बघून ठेवलाय, बॉक्सवर १ मिलिसेकंद लिहिलंय. घेऊ का? पुढच्या महिन्यात टूर्नामेंट आहे. की दादा म्हणतो तेच खरं?
— घरी हरणारा

उत्तर:

घरी हरणाऱ्या मित्रा,

तुझं पत्र वाचल्यावर मी एकच ओळ परत वाचली, ती "पहिला अर्धा तास कॉम्बो ड्रॉप होत होते, सगळं लवकर दाबलं जात होतं" वाली. बाकीचं पत्र नसतं पाठवलंस आणि तेवढी एक ओळ पाठवली असतीस तरी मी म्हटलं असतं की टीव्ही उशिरा दाखवतोय. कारण नुसता बहाणा शोधणारा असं लिहीत नाही, तो लिहितो की मित्राकडे गेलो आणि पहिल्या मिनिटापासून भारी खेळलो. तुझं आधी बिघडलं आणि मग सुधारलं. लॅगवाल्या स्क्रीनवर शिकलेल्या माणसाचं नेमकं असंच होतं. का ते सांगते, जरा लांबण लागेल पण तू पैसे घालवायला निघालायस तर वाच.

आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शिवी देतो, "लॅग". नेट हळू असलं तर लॅग, गेम अडखळत चालला तर लॅग, आणि तिसरा हा तुझा, म्हणजे कन्सोलने चित्र तयार करून केबलमध्ये सोडलं आणि टीव्हीने ते काचेवर प्रत्यक्ष दाखवलं ह्या दोघांच्या मधे गेलेला वेळ. हा तिसरा सगळ्यात लबाड, कारण त्याचा आकडा स्क्रीनवर कुठेच येत नाही. पिंग म्हणजे नेटवरून जाऊन यायचा वेळ, एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं) आकडा कन्सोलच्या पोटातला, आणि ट्रेनिंग मोडमधला तो रंगीत फ्रेम मीटर आहे ना, तो सुद्धा गेमच्या आतलंच घड्याळ बघतो. टीव्ही ह्या सगळ्यांच्या नंतर येतो. गेमच्या हिशोबाने त्याने चित्र वेळेवर दिलंय, पुढे टीव्हीने त्याचं काय केलं हे त्याला कळायला मार्गच नाही. ऑनलाइनचा रोलबॅक (गेम समोरच्याची चाल अंदाजाने धरून पुढे जातो, चुकलं तर मागे येऊन दुरुस्त करतो) पिंग बऱ्यापैकी झाकून नेतो, पण तुझ्या हॉलमधला उशीर त्याला माहीतच नसल्यामुळे तो झाकू शकत नाही. म्हणून पिंग २० आहे हेही खरं आणि तुला सगळं उशिरा दिसतं हेही खरं.

आता तो बॉक्सवरचा १ मिलिसेकंद. तो आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे रे. एक पिक्सेल एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला किती वेळ घेतो ते ते सांगतात, तेही बहुतेक वेळा सगळ्यात सोयीच्या परिस्थितीत मोजून. ह्याने हलत्या चित्राच्या मागे शेपटी किती राहते, धूसर किती दिसतं ते ठरतं. चित्र सुरू कधी झालं ते नाही ठरत. म्हणजे बस स्टॉपवर तासभर उशिरा आली आणि कंडक्टर सांगतोय की आमच्याकडे उतरायला एकच सेकंद लागतो, तसं. उतरायचा सेकंद खरा आहे, पण तू तासभर उभा होतास त्याचं काय. मॉनिटर बघताना "इनपुट लॅग" (म्हणजे आपला तो तिसरा उशीर) असा वेगळा आकडा शोधायचा, तो कंपनीच्या बॉक्सवर सहसा नसतोच, लोकांनी स्वतः मोजलेल्या रिव्ह्यूमध्ये मिळतो.

टीव्ही उशीर का लावतो? तर तो चित्र "चांगलं" करत बसतो. कडा धारदार कर, रंग चढव, चित्रातले दाणे पूस, आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे ते मोशन स्मूद करणं, ज्याने सिनेमा पण मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ह्याच्यात टीव्ही दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनाने तिसरी फ्रेम बनवून घालतो. आता विचार कर, दोन फ्रेमच्या मधली फ्रेम बनवायची तर पुढची फ्रेम हातात यायला पाहिजे ना? म्हणजे आत्ताची फ्रेम दाबून धरायची, पुढची येईपर्यंत थांबायचं, मग गणित करायचं, मग दाखवायचं. उशीर त्या कामातच आहे, टीव्ही कितीही महाग असला तरी. आणि घरात कोणाला हे कधी जाणवत नाही कारण सिनेमा बघताना टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो, ओठ आणि शब्द जुळतात, मग चित्र ८०-१०० मिलिसेकंद उशिरा आलं काय किंवा दहा मिनिटं उशिरा आलं काय, बघणाऱ्याला काय फरक पडतो. ज्याच्या हातात कंट्रोलर आहे त्यालाच कळतं.

आता तुझा ड्राइव्ह इम्पॅक्ट घेऊ, कारण तिथे हिशोब अगदी डोळ्यासमोर मांडता येतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो. गेम ६० फ्रेमचा, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची, म्हणजे २६ फ्रेम झाल्या साधारण ४३३. ह्या वेळात तुला तो दिसायला पाहिजे, डोक्याला कळायला पाहिजे, बोट हलायला पाहिजे आणि दाबलेलं गेमपर्यंत पोचायला पाहिजे. दिवा लागला की बटण दाब असल्या साध्या टेस्टमध्ये माणूस २०० ते २५० मिलिसेकंद घेतो. पण मॅचमध्ये तू एकाच दिव्याची वाट बघत नसतोस, तो उडी मारेल का, थ्रो करेल का, खाली मारेल का हे सगळं एकाच वेळी डोक्यात चालू असतं, त्यामुळे ३३० धरू. कंट्रोलर, कन्सोल आणि गेम मिळून ५० खातात असं धरू. ४३३ मधून ३३० गेले, ५० गेले, राहिले ५३. बास, हे ५३ तुझे. आता टीव्हीने १५ घेतले तर ३८ उरतात, म्हणजे दोन फ्रेमची फट, त्यात चांगला माणूस बसतो, कधी चुकतो पण बसतो. आणि टीव्हीने १०० घेतले तर? उणे ४७. म्हणजे तू बटण दाबलंस, बरोबर बटण दाबलंस, आणि ते गेमकडे पोचेपर्यंत तुझा माणूस तिकडे आपटून झालेला आहे, फक्त ते आपटणं तुझ्या टीव्हीवर अजून आलं नाहीये. तुला "दिसतो, दाबतो आणि तरी लागतो" हे जे वाटतं ना ते भास नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ह्यातले ३३० आणि ५० मी धरलेले आहेत, तुझे थोडे इकडेतिकडे असतील. पण मुद्दा बघ, लॅगने तू सगळ्या गोष्टीत दहा टक्के कमी नाही होत. काही गोष्टी जशाच्या तशा राहतात आणि काही थेट अशक्य होऊन बसतात, मधलं काही नसतं.

जशाच्या तशा राहणाऱ्या म्हणजे तुझे कॉम्बो. कॉम्बो तुला आधीच माहीत असतो, पुढे काय येणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे हात हळूहळू शिकतो की चित्र दिसायच्या थोडं आधी दाबायचं. तुला कोणी सांगितलं नाही, तू ठरवलं नाहीस, पण शेकडो वेळा करून बोटांनी ते सेट करून घेतलं. रिदम गेम (गाण्याच्या ठेक्यावर बटणं दाबायचा) खेळला असशील तर त्यात कॅलिब्रेशनची स्क्रीन असते बघ, टिक-टिक होते आणि आपण ठोके देतो, तिथे गेम हेच काम करतो, तुझा टीव्ही किती मागे आहे ते ओळखतो आणि तेवढं सरकवून घेतो. २००८ मध्ये रॉक बँड २ ह्या असल्याच गेमच्या गिटारमध्ये तर ह्यासाठी प्रकाशाचा सेन्सर आणि माइकच बसवला होता, गिटार टीव्हीसमोर धरायची आणि ती स्वतःच मोजून घ्यायची. पण हे गाण्याला जमतं कारण गाणं पुढे काय आहे ते गेमला आधीच ठाऊक असतं. समोरचा माणूस पुढे काय करणार हे ना गेमला माहीत ना तुला, तिथे काय सरकवणार? म्हणून कॉम्बो शिकून भरून काढता येतो, रिअ‍ॅक्शन नाही काढता येत.

आणि म्हणूनच मित्राकडे तुझं पहिला अर्धा तास वाटोळं झालं. बोटांना आधी दाबायची सवय, आणि तिथे चित्रच वेळेवर येत होतं, मग सगळं लवकर पडणार नाही तर काय. अर्ध्या तासाने बोटं सावरली आणि मग ती ५३ वाली फट तुला पहिल्यांदा मिळाली.

थोडं विषयांतर करते पण मला राहवत नाही. १९८० च्या दशकात निन्टेन्डोची ती बंदूक होती ना, डक हंटवाली, ती आजच्या एलसीडी टीव्हीवर चालतच नाही. तिचं काम असं की ट्रिगर ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर बघतो की आत्ता, ह्याच फ्रेमला, समोर उजेड आहे का. जुन्या काचेच्या टीव्हीवर उजेड त्याच क्षणी यायचा. नव्या टीव्हीवर चौकोन येतो पण उशिरा, बंदूक तोपर्यंत बघून मोकळी झालेली असते, बदक सुटतं. (जुन्या टीव्हीच्या स्क्रीन रंगवायच्या पद्धतीवरही ती अवलंबून होती, पण वेळेची भानगड आहेच.) मला ह्याच्यातलं आवडतं ते हे की बंदूक बहाणा करू शकत नाही. तिला दादा पण नाही.

दादावर येऊ. २४ फ्रेमचं त्याला सांग की २४ हा सिनेमाचा आकडा आहे, डोळ्याचा नाही. ३० आणि ६० वर तोच गेम शेजारी शेजारी लावून दाखव, स्वतःच गप्प बसेल. आणि तसंही आपला प्रश्न किती फ्रेम दिसतात हा नाहीच, किती उशिरा दिसतात हा आहे.

पण दादाकडून घरी हरतोस त्याचं काय? इथे मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. तुम्ही दोघं एकाच टीव्हीसमोर बसता, जेवढा उशीर तुला तेवढाच त्याला. ऑनलाइनवाल्याकडे त्याची स्वतःची स्क्रीन असते म्हणून तिथे तुझं रडणं रास्त आहे, दादाच्या बाबतीत टीव्हीला शिव्या देऊ नकोस... असं मी लिहिणार होते, पण मग विचार केला की तेही पूर्ण खरं नाही. उशीर दोघांना सारखा असला तरी दोघांच्या खेळाला सारखा लागत नाही. समजा दादा अंगावर जाणारा आहे, सारखा ड्राइव्ह इम्पॅक्ट टाकतो, उडी मारतो, आणि तू थांबून बघून उत्तर देणारा आहेस. तर लॅगवाल्या टीव्हीवर दादाचा खेळ महाग होतच नाही, तो बघून खेळतच नाही मुळी, आणि तुझा सगळा खेळ बघण्यावर उभा. ह्या असल्या टीव्हीवर शिकलेली माणसं मी पाहिलीत, हळूहळू त्यांचं ब्लॉक करणं सुटतं आणि अंदाजाने बटणं दाबणं सुरू होतं, आणि त्यांना वाटतं आपला स्वभावच तसा आहे. तू अजून थांबून बघतोयस हे त्यातल्या त्यात चांगलं लक्षण आहे. तरी दादा थ्रो मारून मारून हरवत असेल तर ते मात्र तुझं तू बघ.

आता कामाचं. पैसे काढू नकोस, आधी मोज. फोनमध्ये स्लो मोशन असेल, २४० एफपीएसवाला मोड लाव. (९६० दिसला तर भुलू नकोस, काही फोन त्यातल्या बऱ्याच फ्रेम स्वतःच्या मनाने बनवतात, टीव्हीसारखंच.) २४० ला एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. ट्रेनिंग मोडमध्ये जा, समोरचा डमी गप्प उभा कर. कंट्रोलर टीव्हीच्या समोर असा धर की फोनच्या एकाच चित्रात तुझा अंगठा आणि तुझं कॅरेक्टर दोन्ही येतील, फोन हातात नको, कशाला तरी टेकवून ठेव. रेकॉर्डिंग सुरू करून लाइट पंच दाब, थांब, परत दाब, असे दहा वेळा. जोरात दाब, म्हणजे अंगठा कधी टेकला ते नंतर नीट दिसतं, मी पहिल्यांदा केलं तेव्हा हळूच दाबत होते आणि मग व्हिडिओत अर्धा तास नुसतं "टेकला की नाही टेकला" करत बसले. मग एक एक फ्रेम पुढे सरकवत मोज, बटण खाली टेकलं तिथे शून्य, आणि कॅरेक्टरचा खांदा किंवा हात किंचित जरी हलला तिथे थांब. दरवेळी तीच जागा बघ कारण स्क्रीन वरून खाली रंगत येते आणि ६० हर्ट्झला वरपासून खालपर्यंत जायलाच जवळजवळ एक फ्रेम लागते, एकदा डोकं आणि एकदा पाय बघितलेस तर आकडे हलतील. दहा आकडे सारखे येणारच नाहीत, तुझं दाबणं फ्रेमच्या सुरुवातीला पडतं की शेवटी ते नशिबावर असतं, म्हणून सरासरी काढ.

हा जो आकडा येईल तो नुसत्या टीव्हीचा नाही, कंट्रोलरपासून काचेपर्यंतचा सगळा आहे. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ कमी. टीव्ही आत्ता ज्या मोडमध्ये आहे त्यात एकदा मोज, मग गेम मोड लावून परत मोज, बाकी काही एक हलवू नकोस. दोन्हीमधला फरक मात्र शंभर टक्के टीव्हीचा. समजा आधी सरासरी ४१ आली आणि गेम मोडमध्ये २१, तर फरक २०, गुणिले ४.१७, झाले ८३ मिलिसेकंद, म्हणजे स्ट्रीट फायटरच्या ५ फ्रेम. एवढा फरक आला तर कागदावर लिहून दादाच्या कपाळावर चिकटव.

मला पक्कं वाटतंय की तुझा टीव्ही गेम मोडमध्ये नाहीये. पत्रात तू पिंग सांगितलास, बॉक्स सांगितलास, पण पिक्चर मोडचा शब्द नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा आणि "गेम" शोध. "स्पोर्ट्स" नाही हां, तो सगळ्यात वाईट निघू शकतो कारण त्यात बहुतेकदा मोशन स्मूदिंग चालू असतं, आणि नाव ऐकून लोकं तोच लावतात. बऱ्याच टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं वेगळं असतं, म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर गेम मोड लावून कन्सोलच्या पोर्टवर सिनेमा मोडच राहतो आणि माणूस म्हणतो लावला तरी काही फरक नाही पडला. नव्या टीव्हीत आणि कन्सोलमध्ये एएलएलएम नावाची सोय असते, कन्सोल चालू झाला की टीव्ही स्वतःच गेम मोडमध्ये जातो, ती दोन्हीकडे ऑन पाहिजे. आणि गेम मोडच्या आतही मोशन स्मूदिंगचं एखादं पिल्लू "गेम"चं नाव लावून बसलेलं असतं कधीकधी, ते बंद कर. कन्सोलची केबल साउंडबारमधून फिरवून आणली असेल तर काढ, थेट टीव्हीत घाल. गेमच्या स्वतःच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये इनपुट डिले कमी करायचा पर्याय आहे तो बघ, टीव्ही १२० हर्ट्झचा असेल तर कन्सोलमधूनही १२० चालू कर, गेम आतून ६० वरच चालेल पण प्रत्येक फ्रेम काचेवर उतरायला निम्मा वेळ लागेल. कंट्रोलरला वायर लाव, एक शंका तरी कमी.

गेम मोड लावल्यावर चित्र फिकं आणि जरा निळसर दिसेल, त्याला घाबरू नकोस. बरेच वर्षांपूर्वी मी एका छोट्या टूर्नामेंटला मदतनीस होते, दोन टीव्ही मांडले होते आणि एकाच टीव्हीवर सगळ्यांच्या उड्या लागत होत्या. दुसऱ्या टीव्हीवर उडी मारली की खालून पंच खायचा, ह्या टीव्हीवर मारली की लागायचीच, कोणालाच वर बघून मारायला वेळ मिळत नव्हता. आम्ही सगळे म्हणत होतो आज लोकं काय खेळतायत. दुपारनंतर कोणीतरी रिमोट घेतला तेव्हा कळलं की तो सिनेमा मोडवर आहे. बदलला आणि खेळणाऱ्यांपैकीच एकजण ओरडला, "ए कलर गेले, परत लाव!" सकाळच्या मॅचेस परत घ्यायच्या की नाही ह्यावरून जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही.

मग मॉनिटर घेऊ का? मोजल्यावर ठरव. गेम मोडनंतर टीव्ही मित्राच्या मॉनिटरपेक्षा जेमतेम एखादी फ्रेम मागे राहिला, तर नको घेऊस. समजा २० मिलिसेकंदावरून ५ वर यायला पैसे घालशील आणि मिळेल जेमतेम एक फ्रेम. ती एक फ्रेम काहींना पुरते, पण तुझी आत्ताची कमाई ती नाही. गेम मोड लावूनही मित्राच्या मॉनिटरपेक्षा तीन-चार फ्रेम मागे राहिला (तिकडेही फोन, तोच कन्सोल आणि तोच कंट्रोलर घेऊन जा आणि मोज), तर घे, पण १ मिलिसेकंद बघून नको. आणि फार महागही नको. इव्हो ही फायटिंग गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिथे कितीतरी वर्षं आसुसचा व्हीएच२३६एच नावाचा २३ इंची, ६० हर्ट्झचा अगदी ऑफिसात शोभेल असा मॉनिटर वापरायचे. त्याच्यात विशेष काय, तर काहीच नाही, चित्र आलं की दाखवून मोकळा. स्मॅश ब्रदर्स मेले (Melee) तर २००१ चा गेम, ती मंडळी अजूनही जुने काचेचे जड टीव्ही उचलून स्पर्धेला नेतात, पाठ मोडली तरी चालेल पण लॅग नको.

आणि सगळाच दोष स्क्रीनचा असतो असंही नाही. २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ आला तेव्हा पीएस४ वर गेमच्या आतच साधारण ८ फ्रेमचा उशीर होता, लोकांनी मोजून दाखवला, नंतर कमी केला गेला. म्हणजे कोणी म्हटलं "लॅग आहे" तर पुढचा प्रश्न "कुठे" हा विचारायचा.

टूर्नामेंटला महिना आहे. मोड आजच बदल, कारण तुझे कॉम्बो आता घरीही बिघडणार, मित्राकडे बिघडले तसेच, आणि ते सावरायला अर्धा तास नाही तर काही दिवस लागतील, इथे जुनी सवय घट्ट आहे. पहिल्या दिवशी वैतागून परत सिनेमा मोड लावशील, नको लावूस. रोज सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं नुसते कॉम्बो, मग ट्रेनिंग मोडमध्ये डमीला मधूनच ड्राइव्ह इम्पॅक्ट टाकायला रेकॉर्ड कर, त्याच्यासोबत अजून दोन मूव्ह रेकॉर्ड करून रँडमवर लाव, म्हणजे खरोखर ओळखून मारावं लागेल. स्पर्धेच्या दिवशी लवकर जा आणि ज्या स्क्रीनवर खेळायचं त्यावर कॉम्बो मारून बघ. सगळं लवकर पडतंय की उशिरा पडतंय ते बघ, त्यावरून ती स्क्रीन घरच्यापेक्षा पुढे की मागे हे दोन मिनिटात कळतं. मागे वाटली तर आयोजकांना मॅचच्या आधी सांग, हरल्यावर सांगू नकोस, तेव्हा सगळेच दादा होतात.

दोन्ही सरासऱ्या मला कळव, आधीची आणि नंतरची. आणि मोड बदलल्याचं दादाला लगेच सांगू नकोस, दोन दिवस त्याला नेहमीसारखे ड्राइव्ह इम्पॅक्ट टाकू दे.

— ताई